कार्डावरची जमा आणि खरी विक्री

महोदय,
कर्नाटकात 2025 मध्ये यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. तेव्हापासून जळगाव-धुळ्यातही ‘क्यूआर काढूनच टाका’ असा सल्ला ऐकू येतो. तो साफ चुकीचा आहे. रोखीची विक्रीही उलाढालीतच धरली जाते. उलट आयकरात छोट्या व्यावसायिकांसाठीच्या अंदाजित नफ्याच्या योजनेत डिजिटल जमेवर किमान 6 टक्के नफा दाखवावा लागतो, रोखीवर 8.

बँकेतली जमा आणि विक्री यांतला फरक बहुधा वहीतच असतो. बँकेत 9,820 रुपये आले म्हणून तेवढीच विक्री लिहितात. पण कार्ड 10,000 चे घासलेले असते, मधले 180 मशीनचे शुल्क. विक्री 10,000 च लिहावी, शुल्क खर्चात टाकावे. 31 मार्चचे पैसे एप्रिलमध्ये जमा होतात. भाच्याने परत केलेली उसनवारीही त्याच क्यूआरवर येते! मशीनचे महिनावार पत्रक घेऊन पासबुकाशी ओळीओळीने जुळवा, प्रत्येक फरकापुढे कारण लिहून पुरावा लावा.

जीएसटी-नोंदणीकृत व्यापाऱ्याला एएसएमटी-10 (विवरणपत्रातल्या तफावतीची नोटीस) आली, तर एएसएमटी-11 या उत्तराच्या नमुन्यात साधारण 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. निव्वळ ताजी केळी-भाजी विकणाऱ्याला मात्र नोंदणीच लागत नाही. नोटीस आलीच तर त्याने खरेदीच्या पावत्या जोडून तसे लेखी कळवावे.

– एक करसल्लागार, जळगाव