सही आहे, पण विचारलं होतं का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला, फोटो विकून कमाई करण्याविषयीचा लेख वाचला. मॉडेल रिलीजला, म्हणजे फोटोतल्या व्यक्तीनं फोटो वापरायला दिलेल्या लेखी परवानगीला, त्यात एकच वाक्य: 'फॉर्मवर सही घ्या, पुढची कटकट मिटते.' ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

माझ्या आईनं अशी सही केली आहे. ओळखीतल्या एकानं खिडकीशी बसलेल्या आईचा फोटो काढला. सुंदर आला होता. मग त्यानं बारीक अक्षरांतला कागद पुढे केला. "काही नाही काकू, फोटो पाठवायला लागतो." आईजवळ चष्मा नव्हता. त्यानं बोट ठेवलं तिथे तिनं सही केली. आठ महिन्यांनी तोच चेहरा एका वृद्धाश्रमाच्या जाहिरातीत झळकला, वर मोठ्या अक्षरांत 'घरच्यांना आता वेळ नाही'. मावशीचा फोन आला, "ताईला कुठे ठेवलंस गं?" फोन आईनंच उचलला होता. त्या दिवसापासून ती कुणालाही फोटो काढू देत नाही, नातवंडांबरोबरसुद्धा नाही.

जाब विचारला तर उत्तर मिळालं, "सही आहे, कॉपीराइट माझा आहे." कॉपीराइट फोटोचा असतो हो, आईच्या चेहऱ्याचा नाही. कायद्यानं तो कदाचित सुटेलही. पण फोटो एकदा फोटो विकणाऱ्या एजन्सीकडे गेला की तो कोण, कशासाठी विकत घेईल हे काढणाऱ्यालाही कळत नाही, एवढं तरी सही घेण्याआधी तोंडानं सांगायला नको? नाजूक विषयाशी चेहरा जोडायचा तर 'ही व्यक्ती मॉडेल आहे' असं छापा, ही अट बऱ्याच एजन्सींच्या परवान्यात असते. त्या जाहिरातीत तशी ओळ कुठेही नव्हती. 2013 साली न्यूयॉर्क राज्याच्या मानवाधिकार विभागानंच एचआयव्हीविषयक जाहिरातीत एका निरोगी तरुणीचा फोटो वापरला होता. तो गेटी इमेजेस या अशाच एजन्सीकडून घेतलेला होता आणि तिची सहीच कुणी घेतली नव्हती. तिला कोर्टात जावं लागलं. माझ्या आईनं या वयात कुठे जायचं?

आणखी एक. त्याच पुरवणीत नैराश्यावरच्या लेखाशेजारी डोकं धरून बसलेली मुलगी आहे. चेहरा स्पष्ट दिसतो. 'प्रातिनिधिक छायाचित्र' एवढंही खाली लिहिलेलं नाही. आपला फोटो या लेखाशेजारी छापला जाणार हे त्या मुलीला कुणी सांगितलं होतं का, ते कृपया तपासून छापावं.

आपली,
एक नियमित वाचक