गोधड्यांच्या ढिगाऱ्यावर निकाल देणाऱ्या काकूंना

ती. काकूंना,
शिरसाष्टांग नमस्कार.

तोंडी आभार मानले की तुम्ही "बरं बरं, चहा टाक आता" म्हणून उडवून लावता. म्हणून हे लेखी, आणि चारचौघांत. गोधडी शिकणाऱ्या इंदूरच्या बाकीच्या जणींनाही उपयोग होईल.

माझ्या सुरुवातीच्या गोधड्या दिवाणात कोंबलेल्या होत्या. पाहुण्यांना द्यायची लाज वाटे, टाकायला जीव होत नसे. घरचे म्हणत, "छान तर आहेत!" त्यानं आणखीच चिडायला व्हायचं. तुम्ही तसं एकदाही म्हणाला नाहीत, त्याबद्दल पहिले आभार. चष्मा लावून एकेक उलटी केलीत, अस्तराकडून हात फिरवलात आणि म्हणालात, "बिघडली ते दिसतंच आहे. कशानं बिघडली ते बघू, मग कुठं जायची ते ठरेल."

निळीत सुती आणि पॉलिएस्टर शेजारी शेजारी जोडलेलं होतं. धुतल्यावर सुती आटलं, पॉलिएस्टर होतं तेवढंच राहिलं, आणि सगळीकडे चुण्या. मी उसवायला बसणार होते. तुम्ही कात्री काढून घेतलीत. त्या चुण्या कापडातल्या, टाक्यातल्या नव्हेत. परत शिवून जाणार नाहीत. ती नव्या गोधडीच्या पोटात भरायची, वरखाली जुन्या सुती साड्या. जुनी गोधडी नवीच्या आत घालायची रीत आपल्याकडे जुनीच आहे, पण मला मेलीला सुचलं नसतं.

दुसरीचे जोड उघडत होते, कारण शिवणीपलीकडे कापडाची पाव इंचसुद्धा माया सोडलेली नव्हती. तिथंच पुन्हा शिवलं की पुन्हा उसवणार. तुम्ही जोडावरच ठिगळ ठेवायला लावलंत, कडा आत दुमडून, बारीक तुरपाईनं. ही आता रोज वापरात आहे. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा रात्री १० अंशांच्या आसपास येतो, तेव्हा ठिगळं कोण मोजतंय!

लाल रंग पांढऱ्यावर उतरला ती तिसरी. धार जिल्ह्यातल्या बागच्या छपाईचा लाल तुरटीच्या जोरावर पक्का बसतो. हा तो नव्हे, क्लॉथ मार्केटातून आणलेल्या कुठल्याशा कतरनीचा. तिचा न डागाळलेला भाग कापायचा ठरला. हातानं घातलेल्या धावदोऱ्यावरून थेट कात्री चालवली तर टाके सुटत जातात, म्हणून कापायच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना आधी मशीनची शिलाई. हे तुम्ही सांगितलं नसतं तर हातात नुसत्या चिंध्या राहिल्या असत्या. अशा तुकड्यांच्या गरम पातेलं धरायच्या पकडी करायच्या तर मात्र आतबाहेर सुतीच हवं, पॉलिएस्टर वितळतं.

आपलं वाजलं ते चौथीवरून. मी म्हटलं, देऊन टाकू कुणाला तरी. तुम्ही केवढ्यानं खेकसलात! "आपल्याला नको म्हणून दुसऱ्याला? उबेला पुरते का, धुण्यात टिकेल का, ते बघ. तरच दे." ती मधे फुगलेली आहे, कारण थर मधून कडेकडे टाचत न्यायचे राहिले होते, पण ऊब पुरेपूर, टाके घट्ट. म्हणून गेली. अर्धवट राहिलेल्या चौकड्यांच्या वरच्या कापडाबद्दल तुम्ही एवढंच विचारलंत, "पुढं शिवावंसं वाटतं का?" नाही म्हटल्यावर विषय संपला. चौकडे उसवून डब्यात गेले.

आठवण म्हणून एकच ठेवायची, कोपऱ्यात साल शिवून, असं तुम्ही बजावलं होतंत. काकू, मी दोन ठेवल्यात. दुसरीत बाबांच्या शर्टाचं कापड आहे आणि त्यावर तुमचा निकाल मला मान्य नाही.

निळी साड्यांमध्ये घालून टाचून ठेवली आहे. थर जाड झालेत, माझी सुई वाकते. तुमची ती लांब सुई घेऊन रविवारी वर या. पोहे-जिलेबी माझ्याकडे, शेव तुम्हाला हवी तेवढी.

तुमची,
वरच्या मजल्यावरची