रोल धुवायला टाका, पण निगेटिव्ह परत मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडकडची कॉलेजची मुले आजोबांच्या ट्रंकेतले यशिका, झेनिट, पेंटॅक्स बाहेर काढून पुन्हा फिल्मवर फोटो काढू लागली आहेत. ही मनापासून आनंदाची गोष्ट आहे. काळजी वाटते ती पुढच्या टप्प्याची. रोल कुरिअरने मोठ्या शहरातल्या लॅबकडे जातो, काही दिवसांनी फोनवर छोट्या जेपीजी फायली येतात आणि निगेटिव्ह तिकडेच राहते. मुदत संपली की काही लॅब ती टाकून देतात. मग फोटो मऊ आले, दाणेदार आले म्हणून दोष फिल्मला दिला जातो. १८०० बाय १२०० पिक्सेलची फाईल ३०० डीपीआयला जेमतेम ६ बाय ४ इंच छापता येते. त्याच ३५ मिमी निगेटिव्हमध्ये याच्या कितीतरी पट तपशील असतो. निगेटिव्ह हाच मूळ दस्तऐवज, स्कॅन ही त्याची नक्कल. ती आज वाईट निघाली तर उद्या पुन्हा काढता येते, पण निगेटिव्ह हातात असेल तरच. म्हणून रोल देतानाच पाकिटावर लिहावे: निगेटिव्ह परत हवी, ६-६ फ्रेमच्या पट्ट्यांत कापावी, एकेक फ्रेम सुटी करू नये.

आता कॅमेऱ्याविषयी. ट्रंकेतून निघालेल्या कॅमेऱ्यात लगेच रोल घालू नये. आधी मागचे झाकण उघडून खाचांमधला काळा फोम बोटाने दाबून पाहावा. तीस-चाळीस वर्षांत तो डांबरासारखा चिकट होतो आणि तिथूनच रोलला उजेड लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथपिकने तो खरवडून काढावा. झाकणाच्या खाचेत काळी लोकर दाबून बसवली तरी काम भागते. आरसा वर जाऊन आदळतो तिथल्या पट्टीसाठी मात्र फोमच लागतो. नंतर लेन्स उजेडाकडे धरून प्रत्येक शटर वेग मागून पाहावा. पानांच्या शटरचे (लेन्समधल्या पातळ पात्यांच्या) १ सेकंद, अर्धा सेकंद हे मंद वेग तेल वाळल्याने अडकतात, वरचे वेग बहुधा चालतात. सेल्फ-टायमरला हात लावू नये, जुन्या कॅमेऱ्यात तो मध्येच अडकला की शटरही सोबत अडकते. फेड आणि झोर्की या सोव्हिएत कॅमेऱ्यांत फिल्म पुढे घेऊन शटर चढवल्यानंतरच वेग बदलायचा, आधी बदलला तर यंत्रणा मोडते. याच कॅमेऱ्यांत कापडी पडदा थेट लेन्समागे असतो. लेन्स सूर्याकडे करून कॅमेरा ओट्यावर ठेवला तर पडद्याला भोक पडते, आणि आपल्याकडच्या उन्हात त्याला फार वेळ लागत नाही.

बॅटरीचा घोळ वेगळा. कॅनोनेट क्यूएल१७, मिनोल्टा एसआरटी-१०१ हे कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीसाठी बनलेले आहेत आणि ती आता मिळत नाही. तिच्या जागी १.५ व्होल्टची अल्कलाइन बसवली की उजेड मोजणारे मीटर चुकीचे सांगते. श्रवणयंत्राच्या दुकानात मिळणारी ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी १.४ व्होल्टची असते. भोवती एक कडी घालून ती बसते आणि रीडिंग बरोबर येते. मात्र सील काढल्यावर काही आठवड्यांत ती संपते. यशिका इलेक्ट्रो ३५ ला ५.६ व्होल्ट लागायचे, तिथे ६ व्होल्टची ४एलआर४४ स्प्रिंग लावून चालते. पेंटॅक्स के१००० ला मीटर बंद करायचे बटणच नाही, लेन्सवर टोपी घातली की बॅटरी वाचते. झेनिट-ई चे सेलेनियम मीटर बॅटरीविना चालते, पण बहुतेक कॅमेऱ्यांत ते आता थकलेले असते. त्यावर विसंबण्यापेक्षा साधा नियम पाळावा: स्वच्छ उन्हात लेन्सचे छिद्र एफ १६ आणि शटर वेग फिल्मच्या आयएसओच्या (उजेड टिपण्याच्या क्षमतेच्या आकड्याच्या) जवळचा, म्हणजे १०० च्या फिल्मला १/१२५, ४०० च्या फिल्मला १/५००. अग्फा क्लिकसारख्या एकाच वेगाच्या कॅमेऱ्यात भर उन्हात ४०० ची फिल्म घालू नये, १०० ची घालावी. त्याच्या पाठीवरच्या लाल खिडकीवर काळी टेप लावून ठेवावी आणि फिल्म पुढे घेताना सावलीत तेवढी उचलावी. लाल उजेडाचा परिणाम न होणाऱ्या जुन्या फिल्मसाठी ती खिडकी होती, आजच्या फिल्मला लाल उजेडही लागतो.

मराठवाड्यातल्या दगडाबद्दल थोडे. वेरूळचे कैलास लेणे काळ्या बेसाल्टमधले आहे. मीटर त्या काळ्याला राखाडी करू पाहते आणि उजेड जास्त देते. निगेटिव्हला एक स्टॉप जास्तीचा, म्हणजे दुप्पट, उजेड सहज सोसतो, तेवढ्याने काही बिघडत नाही. बीबी का मकबरा मात्र पांढरा. तिथे मीटर उजेड कमी देते आणि कमी उजेड निगेटिव्हला सोसत नाही, सावलीतला तपशील कायमचा जातो. मीटर तिथल्या उन्हातल्या हिरवळीवर धरावे, किंवा भिंतीवर धरून एक ते दीड स्टॉप वाढवावा.

उन्हाळ्यात फिल्म गाडीच्या डिकीत ठेवू नये. रोल फ्रीजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि वापरण्याआधी दोनेक तास डबा न उघडता बाहेर काढून ठेवावा, नाहीतर फिल्मवर दव धरते. रोल घालताना पट्टी पलीकडच्या रिळात अडकली की फिल्म पुढे घ्यावी आणि डावीकडची गुंडाळायची घुंडी आपोआप फिरते का ते पाहावे. फिरत नसेल तर फिल्म सरकतच नाही. नवशिक्यांचे सर्वाधिक रोल इथेच कोरे जातात.

कृष्णधवल रोल घरी धुणे अवघड नाही. आपल्याकडे खरी अडचण पाण्याची, आणि तीही दोन प्रकारची: तापमान आणि क्षार. एचपी५ प्लस ही फिल्म डी-७६ या डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात), पाणी एकास एक घालून, २० अंशांना ११ मिनिटे धुवायची असते. तापमान एक अंश वाढले की वेळ साधारण ९-१० टक्क्यांनी घटतो. २४ अंशांना साडेसात मिनिटे, २७ ला साडेपाच. पाच मिनिटांच्या खाली गेले की फिल्म सगळीकडे सारखी धुतली जात नाही, आकाशात पट्टे दिसतात. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी थेट वापरताच येत नाही. पण आपली हवा तेव्हा कोरडी असते आणि तिचा फायदा घेता येतो. ओले पोते गुंडाळलेल्या माठातले पहाटेचे पाणी बरेच खाली उतरलेले असते, त्यानेच रसायने कालवावीत. आणखी गार करायचे तर बर्फ पिशवीत बंद करून भोवतीच्या घमेल्यात ठेवावा, रसायनात टाकू नये. डेव्हलपर, हायपो (चित्र पक्के करणारा फिक्सर) आणि धुण्याचे पाणी यांत दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको. फरक फार मोठा पडला तर जिलेटिनला सुरकुत्या पडू शकतात आणि फोटो आटलेल्या तलावाच्या तळासारखा तडकलेला दिसतो. रंगीत फिल्मचे उलटे आहे. सी-४१ या रंगीत धुलाईच्या पद्धतीचा डेव्हलपर ३७.८ अंशांना, ३ मिनिटे १५ सेकंद चालतो, त्यामुळे पाणी तापवण्याचे कष्ट उन्हाळ्यात वाचतात. फक्त तापमान जराही हलू द्यायचे नाही.

३५ मिमीच्या एका रोलला टाकीत साधारण ३०० मिली द्रावण लागते, १२० च्या रुंद रोलला ५००. पहिली ३० सेकंद टाकी सतत उलटसुलट करावी, मग दर अर्ध्या मिनिटाला ५ सेकंद. प्रत्येक वेळी टाकी ओट्यावर हलकी आपटावी, म्हणजे हवेचे बुडबुडे फिल्मला चिकटून गोल डाग पडत नाहीत. हायपो किती वेळ, हे ठरवायला फिल्मच्या सुरुवातीचा तुकडा त्यात बुडवावा. तो जितक्या वेळात पारदर्शक होईल त्याच्या दुप्पट वेळ. ताज्या हायपोत लागला त्याच्या दुप्पट वेळ तुकड्याला लागू लागला की तो हायपो संपला. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. तो मोरीत, शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नये, कॅनमध्ये साठवून चांदी काढणाऱ्यांना द्यावा.

धुण्यासाठी नळ अर्धा तास सोडून ठेवण्याची जुनी सवय दुष्काळी भागात परवडणारी नाही आणि तिची गरजही नाही. रॅपिड फिक्सर (हायपोचा जलद प्रकार) वापरला असेल तर इलफोर्ड या फिल्म कंपनीने सांगितलेली पद्धत पुरते: टाकी भरून ५ वेळा उलटसुलट करायची, पाणी टाकायचे. पुन्हा भरून १० वेळा. पुन्हा भरून २० वेळा. म्हणजे ३५ मिमीच्या एका रोलला लिटरभरही पाणी लागत नाही. बोअरच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर पांढरे ठिपके होऊन बसतात आणि स्कॅनमध्ये ते चांदण्यांसारखे दिसतात. म्हणून शेवटची बुडी डिस्टिल्ड वॉटरची, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्याच पाण्याची. पाणी थेंब न धरता ओघळावे म्हणून अर्ध्या लिटरला अडीच मिली फोटो-फ्लो घालावे. बाथरूममध्ये आधी पाणी शिंपडून धूळ बसवावी, दार लावावे आणि फिल्म तिथे टांगावी. कूलरसमोर कधीही नाही.

रोल कोरा निघाला तर लॅबवर चिडण्याआधी कडेचे आकडे पाहावेत. आकडे आणि फिल्मचे नाव दिसते पण फोटो नाहीत, म्हणजे धुलाई बरोबर झाली, फिल्म सरकली नाही किंवा शटर उघडले नाही. आकडेही नाहीत, म्हणजे धुलाईत घोळ, बहुधा डेव्हलपरआधी हायपो पडला. कडेसकट सगळे काळे, म्हणजे उजेड लागला. सिनेमाची फिल्म सुट्या रिळांत भरून विकतात, तिच्या पाठीवर रेमजेटचा काळा थर असेल तर नेहमीच्या लॅबला सांगितल्याशिवाय देऊ नये. तो थर सुटून यंत्रातल्या रसायनात मिसळतो आणि इतरांचे रोलही खराब होतात.

आता सर्वांत दुर्लक्षित भाग, स्कॅनिंगचा. घरगुती फ्लॅटबेड स्कॅनरच्या खोक्यावर ६४०० डीपीआय लिहिलेले असले तरी त्यातून प्रत्यक्ष तपशील १५०० च्या आसपासच मिळतो. १२० च्या ६ बाय ६ निगेटिव्हला तेवढे पुष्कळ, कारण ११ मेगापिक्सेलचे खरे चित्र मिळते. ३५ मिमीला मात्र जेमतेम ३ मेगापिक्सेल पडतात. तिथे डिजिटल कॅमेरा आणि मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स उत्तम. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने पूर्ण फ्रेम भरून घेतली की ४२०० डीपीआयच्या आसपास पोहोचता येते. मॅक्रो लेन्स नसेल तर जुनी ५० मिमी लेन्स आणि एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स पुढे सरकवणारी पोकळ नळी): ५० मिमीची ट्यूब लावली की चित्र एकास एक, क्रॉप (लहान) सेन्सरला साधारण ३३ मिमी पुरते. त्याहून चांगली एनलार्जरची (निगेटिव्हवरून मोठा फोटो छापणाऱ्या यंत्राची) लेन्स, कारण ती सपाट फिल्मसाठीच बनलेली असते. जुन्या स्टुडिओंत बंद पडलेले एनलार्जर धूळ खात आहेत. त्यांचा वरचा दिवा काढून खांबावर कॅमेरा बसवला की बाजारात मिळणार नाही असा भक्कम स्टँड तयार होतो. कृपया ते भंगारात घालू नका.

खालचा उजेड ९५ च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) असलेल्या एलईडीचा हवा. मुलांच्या ट्रेसिंग पॅडचे रंग अपुरे असतात आणि तो लुकलुकतो, शटर जलद ठेवले तर फोटोत पट्टे येतात. एलईडीवर साइनबोर्डवाल्यांकडची ३ मिमी दुधी ॲक्रिलिक शीट ठेवावी आणि फिल्म तिच्यापासून ३-४ सेंमी वर, म्हणजे शीटवरची धूळ फोकसमध्ये येत नाही. फिल्म काचेवर टेकवू नये, इंद्रधनुषी कडी उमटतात. जाड काळ्या पुठ्ठ्याला फ्रेमपेक्षा मिलिमीटरभर मोठी खिडकी कापून त्यात ती सपाट धरावी. कॅमेरा आणि फिल्म समांतर आहेत का, हे पाहायला फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवावा. लेन्सचे प्रतिबिंब नेमके मध्यभागी दिसले की समांतर. आयएसओ १००, एफ ८, रॉ (कॅमेऱ्यातली मूळ, न दाबलेली) फाईल, दोन सेकंदांचा टायमर, खोलीतले दिवे बंद. एफ ११-१६ वर जाऊ नये. एकास एकला एफ ८ चेच प्रत्यक्षात एफ १६ झालेले असते, आणखी बंद केले की चित्र मऊ पडते. फिल्मचा कोरा काठ हिस्टोग्राममध्ये (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखात) उजव्या टोकाच्या थोडा अलीकडे राहील इतका उजेड द्यावा आणि तोच पूर्ण रोलला कायम ठेवावा.

रंगीत निगेटिव्हचा नारिंगी थर हा दोष नाही, तो मुद्दाम घातलेला असतो. व्हाइट बॅलन्स त्या कोऱ्या काठावर घ्यावा, मग लाल, हिरवा, निळा यांची टोके वेगवेगळी जुळवावीत. डार्कटेबलमधले नेगाडॉक्टर आणि रॉथेरपीमधले फिल्म निगेटिव्ह ही मोफत सॉफ्टवेअरमधली साधने हे काम नीट करतात. स्कॅनरची इन्फ्रारेड धूळ-सफाई रंगीत फिल्मला चालते, कृष्णधवलला नाही, कारण चांदी इन्फ्रारेड अडवते आणि चित्रच धूळ समजून पुसले जाते. तिथे रबरी ब्लोअरच. तोंडाने फुंकर घालू नये, थुंकीचे कण जिलेटिनवर बसतात. मूळ प्रत १६ बिट टिफमध्ये ठेवली तर २४ मेगापिक्सेलची एक फाईल सुमारे १४४ एमबी होते, ३६ फोटोंचा रोल पाच जीबीच्या वर. दोन वेगळ्या डिस्कवर आणि एक प्रत दुसऱ्या घरी, एवढे तरी करावे.

हे सगळे कौशल्य नव्या रोलपुरते ठेवू नये, ही आमची खरी विनंती. १८६० च्या दशकात ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्याचे फोटो काढले, त्या प्रदेशाची पुढची शंभराहून अधिक वर्षे गावोगावच्या स्टुडिओंत निगेटिव्हच्या रूपात पडून आहेत. १९७२ चा दुष्काळ आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप फिल्मवरच टिपला गेला. स्टुडिओ बंद होताना ही खोकी एक्स-रे फिल्मसारखी चांदीसाठी विकली जातात. मालकांनी त्याआधी जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला एकदा तरी विचारावे.

अशा जुन्या निगेटिव्हवर बुरशी दिसली तर पाण्याने धुवू नये. बुरशीने जिलेटिन पोखरलेले असते, ते पाण्यात विरघळून चित्र वाहून जाते. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलके पुसावे. डबा उघडताच व्हिनेगरचा आंबट वास आला तर ती फिल्म लगेच वेगळी ठेवून सर्वांत आधी स्कॅन करावी. तिचा आधार कुजतो आहे आणि तो वायू शेजारच्या पट्ट्यांनाही कुजवतो. पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, कागदी किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटे घ्यावीत. गाव, साल आणि माणसांची नावे पाकिटावर पेन्सिलने लिहावीत, तीही निगेटिव्ह आत घालण्याआधी, कारण नंतर लिहिले की अक्षरांचा दाब फिल्मवर उमटतो.

— काही छायाचित्रकार वाचक, परभणी