‘हे बसलंय कशावर?’ : भीमाशंकरच्या मामांना आभाराचं पत्र

आदरणीय मामा,

सप्रेम नमस्कार.

भीमाशंकरच्या जंगलातल्या दुर्लक्षित वनस्पती आणि बुरशींच्या आमच्या फोटोंचं प्रदर्शन महाविद्यालयात लागलं आहे. प्रत्येक फोटोखाली एक चिठ्ठी आहे. चिठ्ठीची पहिली ओळ नावाची नाही, ‘कशावर’ ही आहे. हिरड्याची साल, कुजकं लाकूड, वारूळ, ओला कातळ, गवताचं मूळ. नाव दुसऱ्या ओळीत येतं, आणि बऱ्याच चिठ्ठ्यांवर ती ओळ कोरी आहे. ही मांडणी तुमची आहे. तुमच्याबरोबर जंगलात फिरताना कोणी काहीही दाखवलं की तुमचा प्रश्न ठरलेला असायचा, ‘हे बसलंय कशावर?’ त्या प्रश्नाबद्दल हे पत्र, जाहीरपणे. पुढच्या वर्षी कॅमेरे घेऊन येणाऱ्या मुलांनाही ते वाचता यावं.

भूछत्राची नुसती टोपी टिपली तर जाणकारालाही फार काही सांगता येत नाही. तुमच्या प्रश्नामुळे आमचा क्रमच उलटा झाला. पहिला फोटो दोन पावलं मागून, आजूबाजूच्या पाचोळ्यासकट. दुसरा बुंध्याचा. अमानिटा प्रजातीतल्या बऱ्याच भूछत्रांच्या बुंध्याशी पिशवीसारखं आवरण असतं, ते बहुतेक वेळा माती-पाचोळ्याखाली दडलेलं असतं. भूछत्र वरून खुडलं की ओळखीची ती खूणच जमिनीत राहते. म्हणून मऊ ब्रशने पाचोळा बाजूला करायचा, फोटो घ्यायचा, पाचोळा परत सारायचा. मग टोपी वरून, मग टोपीखालच्या पापुद्र्या. पापुद्र्यांसाठी भूछत्र उपटायची गरज नसते. खिशातला छोटा आरसा खाली सरकवला की आरशातच फोटो मिळतो. फक्त फोकस आरशाच्या काचेवर न धरता आतल्या प्रतिमेवर धरायचा, नाहीतर काचेवरचं धुकं तेवढं स्पष्ट येतं. शेवटी मापासाठी एक फोटो. रुपयाचं नाणं ठेवू नये, चलनात त्याची मापं एकाहून जास्त आहेत. फूटपट्टीचा दहा सेंटिमीटरचा तुकडा बरा.

वारुळाच्या अळंबीपाशी हा क्रम सगळ्यात जास्त कामाला आला. तिचा दांडा जमिनीत खोल जातो, थेट वाळवीने जोपासलेल्या बुरशीच्या बागेपर्यंत. गोव्यात तर तिला रोयणाची अळमी असं वारुळाच्या नावानेच ओळखतात. पण वारूळ दर वेळी उंच दिसत नाही. सपाट जमिनीतून अळंबी आलेली दिसली की ‘मातीवर’ असं लिहून मुलं मोकळी होतात. ओढून काढली की दांडा मधेच तुटतो आणि पुरावा गेला. अशा ठिकाणी खणायचं नाही, आजूबाजूला वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसतात का ते पाहून तोही फोटो जोडायचा, ही तुमची युक्ती आता आमच्या सूचनांच्या कागदावर छापलेली आहे.

बाशिंगाचंही तसंच. झाडावरच्या या नेच्याची तपकिरी, कागदासारखी पानं ‘वाळलेली’ म्हणून फोटोतून वगळली जात होती. ती वाळून मेलेली पानं नव्हेत. झाडाला चिकटून राहायचं आणि वरून पडणारा पालापाचोळा अडवून खत साठवायचं, हेच त्यांचं काम. बीजाणू, म्हणजे बियांचं काम करणारे सूक्ष्म कण, हिरव्या पानांच्या पाठीवर येतात. म्हणजे बाशिंगाचा फोटो पुरा व्हायला तीन चौकटी लागतात : तपकिरी पान, हिरवं पान आणि हिरव्या पानाची पाठ. तिसरी विसरली तर बाकीच्या दोन जवळजवळ वाया.

दगडफुलाने मात्र सगळ्यांनाच फसवलं. गोड्या मसाल्यात पडतं ते, त्यामुळे ओळखीचं वाटतं. सकाळी पावसात हिरवट आणि उघडीप झाली की राखाडी, आणि वहीत नोंदी दोन वेगळ्या जातींच्या! बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार. वरचा बुरशीचा थर ओला झाला की पारदर्शक होतो आणि आतलं हिरवं शैवाल दिसायला लागतं. त्यामुळे दगडफुलाचे फोटो जोडीनेच घ्यावेत, एक कोरडा, एक ओला, आणि कोणता कसा ते लिहून ठेवावं. मॉसलाही हाच नियम. सुकल्यावर पानं कशी पिळवटतात ही ओळखीची खूण असते. दांडीच्या टोकावरची इवली कुपी फोटोत नसेल तर मॉसचं नाव शोधायच्या फंदात पडू नये, इतकं आम्ही शिकलो.

आता कॅमेऱ्याचं. झाडीखालचा उजेड हिरवा असतो, पांढरं भूछत्र फोटोत पोपटी येतं. त्याच उजेडात ग्रे कार्डाचा, म्हणजे ठरावीक राखाडी रंगाच्या पुठ्ठ्याचा, एक फोटो घेतला की रंग नंतर दुरुस्त होतो. भोवती अंधार असला की पांढरी टोपी फोटोत जळून पांढरीफटक येते, म्हणून एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). ओल्या टोपीवर फ्लॅश चकाकतो, समोर ट्रेसिंग पेपरचा दुहेरी थर धरला की चकाकी मरते. मोबाइलच्या क्लिप लेन्सने फोकस दोन-तीन सेंटिमीटरवर मिळतो आणि त्यात स्पष्ट येणारा पट्टा जेमतेम काही मिलिमीटरचा. हात हलतोच. मोबाइल दगडावर टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावायचा आणि वाऱ्याच्या बाजूला छत्री धरायची. छत्री पावसासाठी कमी आणि वाऱ्यासाठी जास्त लागते. थंड खोलीतून बाहेर आल्यावर कॅमेरा पंधरा-वीस मिनिटं पिशवीतच राहू द्यावा, नाहीतर लेन्सवर बाष्प धरतं. आणखी एक, डासांच्या क्रीममधलं डीट हे रसायन काही प्रकारच्या प्लास्टिकला खातं. त्या हाताने धरलेल्या दोन क्लिप लेन्स कायमच्या धुरकट झाल्या आहेत.

रात्रीच्या चमकणाऱ्या बुरशीवर सगळ्यांच्या उड्या पडतात, म्हणून तिचं जरा सविस्तर. वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री अभयारण्यात पाऊल टाकायचं नाही, हे पहिलं. चमक बुरशीच्या शरीरातल्या रासायनिक क्रियेची. तिला प्राणवायू लागतो आणि ओल लागते, त्यामुळे लाकूड सुकलं की ती विझते. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं जातात. तेवढा वेळ कुणीही मोबाइल उघडायचा नाही. चौकट दिवसाउजेडी ठरवून ठेवावी. अंधार पडल्यावर विजेरीचा झोत क्षणभर लाकडावर टाकून फोकस धरायचा आणि लगेच मॅन्युअलवर टाकायचा. लेन्सचं छिद्र एफ २.८ वर. आधी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) ३२०० वर ३० सेकंदांचा चाचणी फोटो, चौकट बरोबर वाटली की आयएसओ ८०० वर चार मिनिटं. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांबलेल्या फोटोतले नको ते ठिपके घालवायची सोय) चालू असेल तर कॅमेरा पुढची चार मिनिटं स्वतःच अडकून राहतो. बिघडला समजून बॅटरी काढली की फोटो गेला. आणि खरं सांगायचं तर फोटोत दिसतो तो झगमगता हिरवा रंग डोळ्यांना तसा दिसत नाही. अंधुक उजेडात डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत, पांढुरकी धूसर चमक तेवढी जाणवते. प्रदर्शनातल्या त्या फोटोखाली ‘चार मिनिटांचा उजेड’ असं मुद्दाम लिहिलं आहे, नाहीतर लोक जंगलात जाऊन निराश होतात.

बीजाणूंचे ठसे अभयारण्यातल्या भूछत्रांचे घेतले नाहीत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथून परवानगीशिवाय काहीही उचलता येत नाही, आणि तुमचा दंडक कायद्याहून कडक. ठशांचा सराव महाविद्यालयाच्या हिरवळीवरच्या भूछत्रांवर झाला. टोपी पापुद्र्या खाली करून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवायची, वर पाण्याचा एक थेंब, त्यावर वाटी पालथी, आणि रात्रभर हलवायची नाही. पाणी जास्त झालं तर ठसा ओघळतो. हिरवळीवर नेहमी येणाऱ्या क्लोरोफायलम मोलिब्डायटिसचा ठसा हिरवट पडला. दिसायला अगदी खाण्यातल्या भूछत्रासारखं, आणि खाल्लं तर उलट्या-जुलाब. फोटो पाहून ‘हे खातात का?’ विचारणाऱ्यांना आमचं उत्तर एकच : फोटोवरून सांगत नाही.

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदी टाकताना वारुळाच्या अळंबीची अचूक जागा झाकलेली आहे आणि फोटोतली जीपीएसची माहितीही पुसली आहे. तुम्ही दाखवलेल्या जागा तुमच्या गावाच्याच राहतील.

फोटोंचा अल्बम या पत्रासोबत पाठवत आहोत. पानं लॅमिनेट केली आहेत, तुमच्याकडच्या आषाढ-श्रावणात कागद टिकणार नाही. पान ११, १९ आणि २६ वर ‘कशावर’ ही ओळ रिकामी आहे, कारण फोटो काढणाऱ्याने फक्त टोपी टिपली. जागा तुम्हाला फोटोवरून ओळखता आली तर काचेवर लिहायच्या पेनने तिथेच लिहा. पेन अल्बमच्या खिशात आहे.

तुमचे,
वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी आणि शिक्षक