आजीच्या परदेशातून

पणजी,
घटस्थापनेनंतरचा रविवार

ती. आईस सा. न.,

पत्र आजीजवळ बसून मोठ्याने वाच. तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला बस. मध्ये एका ठिकाणी मी ‘थांब’ लिहिलंय, तिथे खरंच थांब.

शेजारच्या काकूंना आजी ‘नात परदेशात असते’ असं सांगते, हे ऐकून दादा फोनवर खो खो हसत होता. हसण्यासारखं काय आहे त्यात? तिच्या माहेराहून, बांद्याहून, गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका पायी गाठता यायचा आणि तिच्या लहानपणी त्या नाक्यापलीकडे पोर्तुगीज शिपाई उभा असायचा. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मोकळा झाला, तेव्हा ती लग्न होऊन गडहिंग्लजला आली होती. पुढे तिचा इकडे पाय लागलाच नाही. म्हणजे सरकारने नाका उठवला तरी आजीच्या डोक्यातला नाका अजून आहे तिथेच आहे. मला बँकेने बिनपासपोर्टाची त्यापलीकडे धाडली, एवढंच.

तर आजी, तुझ्या कामाचा अहवाल देते. ‘हद्द बंद व्हायच्या आधी आमच्या बाबांनी म्हापशाच्या बाजारातून आणलं होतं ते काय होतं, तेवढं शोध,’ असं तू सांगितलंस. खुणाही दिल्यास: केळीच्या पानात बांधलेलं, पिवळ्यात तपकिरी रेघा, लुगड्याच्या काठासारख्या, बोटाने एकेक पदर सुटायचा आणि जायफळाचा वास. वर बजावलंस की ते बिनअंड्याचंच असणार, कारण तुझ्या माहेरी दारात अंड्याचं टरफल दिसलं तरी शेणाने सारवून घ्यायचे. बरं. या सगळ्या खुणा घेऊन मी गेले चार महिने दर शनिवारी हिंडतेय. सोबत ऑफिसातली मडगावची मैत्रीण असते. वजन किती वाढलं ते विचारू नका.

सुरुवात आम्ही फोंतायन्हासपासून केली. पणजीतला हा जुना भाग, लोक त्याला मळा म्हणतात. पिवळी-निळी घरं, बाहेर आलेले सज्जे, आणि गल्ली एवढी अरुंद की समोरून स्कूटर आली तर आपण कुणाच्या तरी पायरीवर चढायचं. तिथे ३१ जानेवारी नावाचा रस्ता आहे आणि त्याच नावाची कोन्फेइतारिया, म्हणजे केक-बिस्किटांचं दुकान. दुसरं एक बागेसमोर, मिस्टर बेकर, पाटीवरच १९२२ लिहिलेलं. अशा दुकानांत काचेच्या कपाटात सगळं मांडलेलं असतं आणि मागितलं की चिमट्याने उचलून कागदावर ठेवतात. गडहिंग्लजच्या बेकरीत खारी उचलतात तशीच. पण खायला आत काय असेल याचा नेम नाही! पॅटिस मागायच्या आधी ‘व्हेज?’ असं दोनदा विचारायचं, ही माझी इथली पहिली शिकवणी.

आणि बाबांना सांग, ‘पाव’ हा शब्दच मुळी पोर्तुगीज. बटाटाही, पेरूही. आपला हापूससुद्धा कुणा आफोन्सोच्या नावाचा. सकाळी पदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत येतो. पाव, उंडे, कोंड्याची पोई आणि हातात घालावं तसं दिसणारं काकण. मी रोज दोन पोई घेते आणि आजीच्या लसणीच्या चटणीबरोबर खाते. (चटणी संपली. दिवाळीला जास्त करा.)

चुलतभावाच्या पोरांना आवडेल असं एक सापडलंय, आई, ते तू घरी कर. नाव सेर्रादुरा. पोर्तुगीजमध्ये याचा अर्थ लाकडाचा भुसा. क्रीम घट्ट फेटायचं, त्यात डब्यातलं गोड आटवलेलं दूध घालायचं. मारी बिस्किटं पार भुगा होईस्तो कुटायची. काचेच्या पेल्यात एक थर भुशाचा, एक थर क्रीमचा, असं वरपर्यंत, आणि मग फ्रीजमध्ये. अंडं नाही, चूल नाही, काही नाही. इथल्या हॉटेलात एवढ्याशा वाटीचे दीडशे रुपये घेतात.

हॉटेलवरून आठवलं. मैत्रिणीला बढती मिळाली म्हणून आम्ही एका मोठ्या हॉटेलात ‘हाय टी’ला गेलो. नाव लिहीत नाही, दादा लगेच तक्रार टाकायला बसेल. तीन मजली ताटाळं आणून ठेवलं. खालच्या मजल्यावर काकडीची सँडविचं, कडा कापलेली, दोन घासांत एक संपेल एवढी. मधल्या मजल्यावर स्कोन. वर गोड. खालून वर खात जायचं असतं म्हणे. आपल्या पानात मीठ-लिंबाला जागा ठरलेली असते तसं. स्कोन म्हणजे फुगलेली नानकटाई समज. मधून फोडायचा, त्यावर साय आणि जॅम. आमचा स्कोन हाताने फुटेना. मैत्रिणीने चमच्याच्या दांड्याने प्रयत्न केला तर अर्धा उडून शेजारच्या टेबलाखाली गेला. वेटर आला, आम्ही दोघी पडद्याकडे बघत बसलो. आणि चहा, आई, चहा! कोमट पाण्यात दोऱ्याला बांधलेली पुडी, दूध वेगळं, आल्याचा पत्ता नाही. दोघींचे ३४०० रुपये. बाहेर पडल्यावर आम्ही गाड्यावर उभं राहून वीस रुपयांचा कडक चहा प्यालो, तेव्हा कुठे ‘टी’ झाला.

घरी येऊन मी वाचलं, तर गंमत वेगळीच. विलायतेत ‘हाय टी’ हे मुळात कामगारांचं संध्याकाळचं जेवण. गिरणीतून, खाणीतून दमून आल्यावर जेवणाच्या उंच टेबलावर बसून चहासोबत पाव, थंड मांस, असलं पोटभर. नाजूक सँडविचांचा चहा तो वेगळा, दुपारचा. १८४० च्या सुमाराला बेडफर्डच्या डचेसबाईंना चार वाजता भूक लागायला लागली, तिथून तो आला असं म्हणतात. हॉटेलवाल्यांना ‘हाय’ शब्द उंची वाटला आणि त्यांनी गिरणीवाल्यांचं नाव डचेसच्या ताटाला चिकटवलं. आणखी मागे जा. विलायतेच्या दरबारात चहाची टूम आणली ती पोर्तुगालच्या राजकन्येने, कातारिनाने. १६६२ मध्ये ती इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली, आणि मुंबई आंदण म्हणून सोबत. म्हणजे मुंबई आंदणात आणि चहा रुखवतात! बाबांना हे जेवताना सांग, ते दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटतील.

असो. आजीचं काम.

म्हापशाचा बाजार शुक्रवारचा, म्हणून मी एक रजा घातली. तिथे दोदोल मिळालं. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ. तासन्‌तास ढवळून आटवलेलं, अधूनमधून काजू. साबणाच्या वडीसारखं कापून देतात. चमकतं, हलतं, टाळूला चिकटतं. नुसतं सुंदर. अंडं नाही. वाटलं, सापडलं! पण आजी, ते काळंभोर असतं आणि त्याला पदर नाहीत. तुझं पिवळं होतं.

मग दोस खाल्लं. हरभऱ्याची डाळ शिजवून, खोबरं-साखर घालून आटवायची, थापून शंकरपाळ्यासारखं कापायचं. पुरणाने वडीचं रूप घ्यावं तसं. रंग थोडा जुळला, रेघा नाहीत. पेराद म्हणजे पेरूची लालचुटूक वडी, तीही नाही. खाजं तर तुला माहीत आहेच. इथल्या खाज्याला सरकारी भौगोलिक मानांकन मिळालंय, पण मालवणी खाज्याच्या शेजारी ठेवलं तर सख्खी भावंडं. आलं तेच, गूळ तोच, जत्रेतला गाडाही तसाच. चार पुडे घेतलेत.

आई, आता थांब. आजीला म्हण, ‘चष्मा पुसते,’ आणि पुढचं मनात वाच.

सापडलंय. माझ्या घरमालकीण आंटींच्या भाच्याचं लग्न आहे आणि त्यांनी गेल्या रविवारी बेबिंका करायला घेतली. मला हाक मारली, ‘येऊन बस गो, एकट्याचं काम नव्हे.’ नारळाचं पहिलं जाड दूध, साखर, थोडा मैदा, जायफळ. आणि बलकं. वहीत वीस लिहिली होती, त्यांनी बावीस फोडली. पांढरं वेगळ्या भांड्यात ओतत त्या म्हणाल्या की हे सगळं त्या पांढऱ्यामुळेच झालं. जुन्या गोव्यात सांता मोनिका नावाचा जोगिणींचा मठ आहे. तिथे कपड्यांच्या खळीला अंड्याचं पांढरं वापरायचे आणि बलकं उरायची. बिबियाना नावाच्या जोगिणीने त्याचं हे केलं, सात थरांचं. खरं-खोटं तो मठ जाणे, पण नाव तिचंच म्हणतात. २०२३ मध्ये बेबिंकेलाही मानांकन मिळालं. मी आधीच का नाही खाल्ली विचारशील, तर नावाखाली अंड्याचं नाव बघून मीच यादीतून काढली होती. आजीने बजावलं होतं ना.

भांड्यात आधी तूप. मग एक पळी पीठ, अगदी पातळ. वरून आच. पूर्वी झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवायचे, आंटी ओव्हनची वरची जाळी पेटवतात. पीठ हळूहळू जमतं, मग त्यावर तपकिरी ठिपके उमटतात, मग ठिपके एकमेकांना भेटतात. भेटले की चमचाभर तूप आणि पुढची पळी. एक थर कच्चा राहिला की वरचा घसरतो, एक करपला की सगळ्याला कडू वास. घाई केली की गेलं. सात थरांना आमची अख्खी दुपार गेली. आंटी मध्येच खुर्चीत डुलक्या काढायच्या आणि वासावरून बरोबर जाग्या व्हायच्या.

रात्री ती निवली, उलटी केली आणि त्यांनी सुरी घातली. आई, काप आडवा पडला आणि माझ्या अंगावर काटा आला. पिवळा पट्टा, तपकिरी रेघ, पिवळा पट्टा, तपकिरी रेघ. लुगड्याचा काठ. मी बोटाने टोकाला धरून ओढलं तर पदर सुटला, अख्खा, न फाटता. आणि जायफळ.

आता तू सांग, काय करू? ८३ वर्षांच्या बाईला, जिने आयुष्यात केकचा तुकडा तोंडाला लावला नाही, जिने माझ्या दहाव्या वाढदिवसाला बेकरीवाल्याकडे स्वतः जाऊन ‘अंडं नाही ना?’ म्हणून देवाची शपथ घ्यायला लावली, तिला मी पत्रातून कळवू की तिची सगळ्यात गोड आठवण डझन-दोन डझन बलकांची आहे? मी हॉस्टेलपासून अंडं खाते हे तिला ठाऊक आहे. ती त्यावर बोलत नाही, फक्त माझी ताटली वेगळी विसळते. खोटंही सांगवत नाही. ‘मिळालं नाही’ म्हटलं तर ती पुढच्या पत्राची वाट बघत बसेल, आणि तिच्याकडे किती पत्रांची वाट बघायला वेळ आहे ते आपण दोघी जाणतो. एक तुकडा मी फ्रीजमध्ये ठेवलाय. आणू की नको, ते तू फोनवर सांग. ती देवळात जाते तेव्हा फोन कर.

आता चष्मा लाव, आणि पुन्हा मोठ्याने.

आजी, दिवाळीला शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघते, आंबोलीमार्गे. खाजं, दोदोल आणि पेराद आणते, तिन्ही तुला चालतील. म्हापशाच्या त्या जिनसेच्या मी अगदी जवळ आलेय. फक्त एक विचारायचं राहिलं, नीट आठवून सांग. त्या दिवशी पान सोडल्यावर तुझ्या बाबांनी त्यातला तुकडा स्वतःच्याही तोंडात टाकला होता, की तुम्हा पोरांना वाटून देऊन ते नुसते बघत बसले होते?

तुझी,
छोटी