पुनरुच्चार थांबवू नका

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या भाषेवरील रविवार पुरवणीतील लेखात, ऐकलेले वाक्य तसेच्या तसे म्हणणाऱ्या मुलाला लगेच थांबवावे, असा सल्ला दिला आहे. त्याला माझा ठाम आक्षेप आहे. ‘तुला पाणी हवं का?’ असे विचारल्यावर मूलही ‘तुला पाणी हवं का?’ म्हणते, तेव्हा पुष्कळदा तो होकार असतो. स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन करणारे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्येच ही गोष्ट नोंदवली होती. प्रायझन्ट आणि डकन या वाचा-भाषा अभ्यासकांनी १९८१ मध्ये अशा तत्काळ पुनरुच्चाराचे सात उपयोग दाखवले. होकार, मागणी, संभाषणात आपली पाळी घेणे, स्वतःला सूचना देणे हे त्यांतलेच.

अशा वेळी पेला हाती देताना मोठ्यांनी मुलाच्या बाजूने ‘मला पाणी हवं’ असे एकदाच म्हणावे आणि थांबावे. ‘म्हण, म्हण’ असा लकडा लावू नये. प्रश्नांचा मारा तर टाळावाच. कानावर सतत प्रश्न पडले की मुलाची मागणीही प्रश्नाच्याच रूपात येते.

जुने वाक्य अवेळी आले, तर ते मुलाने आधी कोणत्या प्रसंगी ऐकले होते, हे घरच्यांनी वहीत टिपावे. पडल्यावर ऐकलेले ‘अरे, हळू!’ पुढे कधी पोटदुखीसाठीही येऊ शकते. ते दटावून बंद केले, तर दुखणे सांगण्याची वाटच खुंटते आणि मग उरते ते रडणे किंवा स्वतःला मारून घेणे.

– एक वाचा-उपचारतज्ज्ञ