रंकाळ्याचे बगळे

प्रिय नंदे,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही. रागवायचं ते रागव, पण आधी हे वाच. परवा रंकाळ्यावर जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. घरी सांगितलं तर "मग दुसरा कागद घ्यायचा" म्हणाले.

तब्येत बरी आहे. मानेचा पट्टा सुटला. अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं.

सरांना भेटायला कोल्हापूरला गेले होते. भल्या पहाटे म्हणाले, "चल, बसू या." संध्यामठाजवळची आपलीच जागा. वाटेत नेहमीसारखं आबालाल रहिमान यांनी रंगवलेल्या रंकाळ्याबद्दल बोलत होते. 300 जीएसएमचा जाड हाफ शीट कागद सरांनीच दिला. सात वर्षांनी जलरंग हातात घेतले गं! शालिनी पॅलेसवर कोवळं ऊन, पाण्याच्या कडेला चार बगळे. बोर्ड जरा तिरका धरला, फ्लॅट ब्रश भरून घेतला आणि वरून पातळ रंगाचा वॉश ओढत आणला. काय सुरेख उतरला! खालच्या कडेला साठलेलं रंगाचं पाणी चमकत होतं, अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसताना दिसत होते. तळाशी आले तेव्हा लक्षात आलं, बगळे गेले. चारही. त्यांच्या जागा राखायच्याच राहिल्या.

आणि माझ्या हातानं काय केलं सांगू? डाव्या हाताची दोन बोटं ओल्या कागदावर टेकवली. टॅबवर चित्र काढताना दोन बोटं टेकवली की शेवटचा फटकारा मागे जातो, दिवसातून शंभरदा करते मी ते. कागदावर नुसते दोन ठसे उमटले. सर बघत होते. रागावले असते तर बरं वाटलं असतं. "पांढरं कुठं राखलंस?" एवढंच म्हणाले.

पिशवीत पोस्टरचा पांढरा होता. काढला नाही.

नंदे, वॉश बिघडल्याचं दुःख नाही. तो बिघडला नव्हताच, आणि हात काय, महिनाभर बसलं की वळतो. मला धास्ती आहे ती नजरेची. जलरंगात पांढरा म्हणजे कागद. पहिला ब्रश टेकवण्याआधी उजेड कुठं असणार हे ठरलेलं लागतं. आपण पेन्सिलीनं बारीक टिंबं द्यायचो, आठवतं? टॅबवर पांढरा कधीही येतो, सगळं झाल्यावर, सगळ्यात वरच्या लेयरवर. घरी येऊन मी वर्षभराची कामं उघडली. प्रत्येक चेहऱ्यावर उजेड एकाच ब्रशचा, एकाच जागी, नाकाच्या शेंड्यावर आणि डोळ्यांत. आजीला तोच, शेळीलाही तोच. रात्री दोनपर्यंत बघत बसले. चित्र सुरू करताना मला उजेड दिसायचाच बंद झाला असेल का गं?

लगेच "मी सांगत होते" म्हणू नकोस. टॅब घेतला तेव्हा तू "काचेवरच्या रेघोट्या" म्हणालीस आणि सहा महिने बोलली नाहीस. तेव्हाही मी सांगितलं होतं, चित्रकार डेव्हिड हॉकनींनी 2011 मध्ये यॉर्कशरचा वसंत आयपॅडवर रंगवला आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल अकादमीत त्याचे भलेमोठे छाप लागले. आजही म्हणते, तू चुकलीस. रात्री अकराला फोन येतो, साडी हिरवी नको, लाल हवी. दोन मिनिटांत लाल. सईची फी त्याच दोन-दोन मिनिटांतून भरली. पण तुझंही ऐकते. तू दिलेली बोगनवेल माझ्या भिंतीवर फिकी पडत पडत राखाडी झाली, तरी ती आहे. माझी 2006 ची चाळीस चित्रं ज्या सीडीत आहेत ती आता उघडतच नाही.

सर तुझी आठवण काढून पोटभर हसले. ब्रशच्या पाण्यात बिस्किट बुडवून खाल्लंस आणि "चहा पुचाट आहे" म्हणालीस, ते त्यांनी पुन्हा साभिनय करून दाखवलं.

तुझं कसं चाललंय? नव्या हेडबाई नीट वागतात ना? धाकट्याला दहावीचं फार टोचू नका. यंदा इंटरमीजिएटच्या ड्रॉइंग परीक्षेला किती मुलं बसवलीस?

तो कागद सरांनी फेकू दिला नाही. मागे तारीख घातली आणि माझ्या पिशवीत ठेवला. टॅबच्या वर टाचलाय, दोन बोटांच्या ठशांसकट.

तू अजून टिंबं देतेस का? मुलांनाही शिकवतेस का, की वेळच मिळत नाही? मला खरं सांग. आणि मार्चमध्ये ये. सरांनी दोघींना बोलावलंय, बगळे असेपर्यंत या म्हणाले. येताना तुझा आठ नंबरचा सेबल ब्रश घेऊन ये. माझा डब्यात पडून होता, त्याला कसर लागली.

तुझी,
मीना